आबांचा आवाज, खारा वारा आणि तीन हजार रुपये

लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या माणसाला आवाजातलं फारसं कळत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. मंगलाष्टकं सोडली तर आमच्या कामात खऱ्या आवाजाला जागाच नसते. हळद, वरात, पंगत, सगळ्यावर गाणं चढवायचं आणि मोकळं व्हायचं. आठ वर्षं डीएसएलआर हातात असून माझ्याकडे माइक म्हणून एकच वस्तू होती: कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसणारा छोटा शॉटगन, म्हणजे समोरच्या दिशेचं जास्त ऐकणारा लांबट माइक. तोही मित्राकडून दोन दिवसांसाठी आणलेला, म्हणजे आता माझाच.

आबा म्हणजे आईचे मामा. मालवणच्या उत्तरेला, तोंडवळी-तळाशीलच्या बाजूला त्यांचं घर. पुढे दर्या, मागे खाडी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी आणि सुरूची झाडं. सगळं आयुष्य रापणीवर गेलं. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. एका टोकाची दोरी किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात राहते, होडी जाळं सोडत सोडत पाण्यात अर्धगोल मारून दुसरं टोक किनाऱ्याला आणून देते, आणि मग दोन्हीकडून माणसं ओढायला लागतात. आबा आता ओढत नाहीत. वाळूवर बसून कोण कुचराई करतोय ते मोठ्याने सांगतात.

मामी फोनवर म्हणाली, "आबा आसत तवर त्यांचां बोलणां घेवन ठेव." भावंडांनी वर्गणी काढली, ३,००० रुपये जमले. दहा-बारा मिनिटांची फिल्म करायची ठरली. कॅमेरा माझा, येणं-जाणं माझं, वर्गणी जे विकत घ्यावं लागेल त्याला.

पहिला दिवस

नोव्हेंबर, दुपारी साडेतीन. उजेड सुंदर होता, आणि मी उजेडच बघत होतो. आबांना सुरूच्या कडेला दर्याकडे तोंड करून बसवलं. कॅमेरा कॅननचा २००डी, ५० एमएमची लेन्स, अंतर साधारण अडीच मीटर. वर शॉटगन, आवाजाची पातळी ऑटोवर. या कॅमेऱ्याला माइक लावायला जागा आहे, हेडफोन लावायला नाही. ती उणीव मला आठ वर्षांत कधी जाणवली नव्हती. चाळीस मिनिटं आबा बोलले, मी मान डोलावत राहिलो.

रात्री घरी हेडफोन लावून ऐकलं. आबांचा आवाज होता, पण पाहुण्यासारखा पडवीत उभा. घरात वारा, सुरू आणि लाटा ऐसपैस बसलेल्या.

"आवाज खराब आलाय" असं म्हणून सोडून दिलं असतं तर मी सरळ महागडा माइक शोधायला लागलो असतो. त्याऐवजी एक वही घेतली आणि काय काय खराब आहे ते वेगवेगळं लिहायला बसलो. या प्रकरणात सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू तीच.

पहिलं, गुडगुड. वारा माइकच्या पडद्यावर थेट आपटत होता. हा लांबून आलेला आवाज नव्हे, तो माइकपाशीच तयार होतो. सोबत आलेली स्पंजची टोपी खोलीतल्या पंख्यापुरती ठीक, दर्याच्या वाऱ्यापुढे तिचं काही चालत नाही.

दुसरं ऐकायला वेळ लागला, आणि एकदा ऐकू आल्यावर ते विसरताच येईना. आबांची थांबायची सवय मोठी आहे. महत्त्वाच्या शब्दाआधी ते पाण्याकडे बघतात. त्या दोन सेकंदांत ऑटो पातळीला वाटतं की आवाज कमी पडला, आणि ती आतून तो वाढवते. मग लाटा फुगत वर येतात. आबांनी पुढचा शब्द काढला की लाटा दचकून खाली. म्हणजे आबा गप्प बसले की दर्या बोलायला लागायचा, आणि आबा बोलले की दर्या गप्प. कानाला दमायला होतं, आणि का दमतोय ते साध्या ऐकणाऱ्याला सांगता येत नाही. तो नुसता फिल्म बंद करतो.

तिसरं, अंतर. उघड्यावर बोलणाऱ्यापासून अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने पडतो. लाटा मात्र सगळीकडे जवळजवळ सारख्याच असतात. अडीच मीटरवरचा माइक छातीशी, वीत-पाऊण हातावर आणला तर आबा लाटांच्या तुलनेत २० डेसिबलच्या आसपास वर येतात. हे कुठलाही माइक कितीही पैसे टाकून देत नाही. शॉटगन कॅमेऱ्यावर बसवून लांबचा आवाज "ओढून" आणतो हा समज लग्नवाल्यांमध्ये पक्का आहे. माझाही होता. तो बाजूचं जरा कमी ऐकतो, एवढंच. आणि वाऱ्याच्या बाबतीत तर एका दिशेने ऐकणारा माइक चारी बाजूंनी ऐकणाऱ्या साध्या कॉलर माइकपेक्षा जास्त बावचळतो.

चौथं, सतत चालणारी एक सळसळ. त्यात सुरूच्या सुया, लांबची फेसाळ लाट आणि कॅमेऱ्याच्या आतली खरखर अशी तिन्ही मिसळली होती. कुठलं किती, ते मला सोडवता आलं नाही.

ऑडॅसिटीत आवाज साफ करून पाहिला. फुकटचं सॉफ्टवेअर आहे आणि चांगलं आहे. फक्त गोंगाटाचा तुकडा दाखवायचा, म्हणजे ते तो पूर्ण रेकॉर्डिंगमधून वजा करतं. पंख्याचा किंवा फ्रिजचा एकसुरी आवाज असेल तर छान जमतं. लाट एकसुरी नसते, दर वेळी वेगळी फुटते. १२ डेसिबल कमी करून पाहिलं तर आबा घागरीत तोंड घालून बोलल्यासारखे वाटायला लागले. दोन रात्री घालवल्या आणि सोडून दिलं.

फुकट मिळालेल्या गोष्टी

दुसऱ्यांदा शूट करायचं म्हणून आबांकडे गेलो, तर त्यांनी माझी वही बघितली. वाचली नाही, चष्मा नव्हता. म्हणाले, "दुपारचो वारो घेवन बसलंस तर काय आयकाक येतला?"

शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनी पाठ केलेलं असतं: दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे. जमीन तापायला लागली की खारा वारा उठतो आणि दुपारी जोरात येतो. सकाळी लवकर मतलईचा शेवटचा हलका भाग असतो, सुरूही जवळजवळ गप्प असतात. मी परीक्षेत लिहून आलो होतो, दर्याच्या काठी नेमका साडेतीनला जाऊन बसलो होतो.

पुढची गोष्ट भरतीची. किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीचा तास काढतात. चतुर्थी असेल तर चारच्या पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती आणि साधारण सव्वासहा तासांनी, नवाच्या आसपास, सुकती, म्हणजे ओहोटी. आबांनी बोटांवर मोजलं आणि सांगितलं, "चतुर्थीक ये. पाणी मागे गेलेला असतला." पाणी मागे गेलं म्हणजे लाट फुटते तीही लांब. माझ्या अंतराच्या हिशेबात हे चपखल बसत होतं, आणि खर्च शून्य.

तिसरी गोष्ट मात्र माझी. वाळूवर ओढून ठेवलेली एक होडी होती. आबांना तिच्या जमिनीकडच्या बाजूला, पाठ होडीला लावून बसवायचं. दर्या पाठीमागे, मध्ये होडीची भिंत. लाटेचा फेसाळ, सस्स करणारा भाग अशा आडोशाने बराच अडतो, फक्त खालचा घोगरा आवाज वळसा घालून येतो, आणि तो काढून टाकायला सोपा. शिवाय आबांचं तोंड पूर्वेला, म्हणजे सकाळचा उजेड थेट चेहऱ्यावर. उजेड आणि आवाज यांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

काय विकत घेतलं

कॉलर माइक, बोयाचा बीवाय-एम१, मला ९०० रुपयांना पडला. वायर ६ मीटर. वायरीवर एक छोटी डबी, तिच्यात बटणाएवढी एलआर४४ बॅटरी आणि एक खटका: एका बाजूला फोनसाठी, दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्यासाठी. हा खटका लक्षात ठेवा, पुढे नडणार आहे.

रेकॉर्डर म्हणून ड्रॉवरमध्ये पडलेला जुना फोन. बऱ्याच नव्या फोनांना गोल जॅकच नसतो, त्यामुळे जुना कामाचा. रेकॉर्डिंगचं एक फुकट ॲप टाकलं, वेव्ह फाइल (आवाज न दाबता साठवणारी), ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने). व्हिडिओचा आवाज ४८लाच चालतो, अशी ॲप्स बऱ्याचदा मूळची ४४.१ला ठेवलेली असतात. ॲपमधली आपोआप पातळी बंद केली. आणि विमान मोड. तो फक्त फोन येऊ नये म्हणून नाही: त्या पट्टीत नेटवर्क क्षीण आहे, आणि नेटवर्क क्षीण असलं की फोन टॉवरला गाठायला जास्त जोर लावतो. त्याचा टर्र-टर्र आवाज जवळच्या माइकच्या वायरीत उतरू शकतो.

माइकची वायर कॅमेऱ्यापर्यंत का नेली नाही, असं एका मित्राने विचारलं. एक म्हणजे वाळूत पोरं आणि कुत्री. दुसरं, डीएसएलआरच्या आतली आवाज वाढवणारी यंत्रणा बहुधा खरखरीत असते. स्वस्त माइकचा बारीक आवाज तिने वाढवला की खरखरही वाढते. फोन आबांच्या कमरेला, वायर अंगावरच. सुटसुटीत.

झूम एच१एन वगैरे छोटे रेकॉर्डर मी बघितले. त्यांना हेडफोन लावता येतात, हा मोठा फायदा. पण वर्गणीत बसत नव्हते. बिनतारी माइकचे स्वस्त संच मात्र मी जाणूनबुजून टाळले. पहिल्यांदा आवाजाच्या नादी लागणाऱ्याने आणखी एक बिघडणारी गोष्ट मध्ये आणू नये, हे माझं मत. पैसे असते तरी बदललं नसतं.

आता अस्वल. वाऱ्यासाठी माइकवर केसाळ टोपी लागते. ते केस वाऱ्याला माइकपासून थोडं लांबच अडवतात, दमवतात, आणि आत शांत हवेचा थर राहतो. तयार टोपी मागवली तर आठवडा लागणार होता. भाचीचं आंगणेवाडीच्या जत्रेतून आणलेलं, एक डोळा गेलेलं अस्वल होतं, ते तिच्याकडून नव्या खेळण्याच्या बोलीवर घेतलं आणि त्याची पाठ कापली. पहिली टोपी फसली. केस उत्तम होते, पण कापडाच्या मागे रबरासारखा लेप होता. वारा अडला आणि आबांचे "स" आणि "च"ही अडले. मग ध्यानात आलं की कापड ओठांशी धरून फुंकर मारायची. हवा आरपार गेली तरच ते उपयोगाचं. मालवणातल्या कापडवाल्याकडे १२० रुपयांत केसाळ कापडाचा तुकडा मिळाला. फुंकरीची परीक्षा मी दुकानातच घेतली. त्याने विचित्र नजरेने पाहिलं.

भाचीचं खेळणं २५०, औषधाच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी ४०, बॅटऱ्या ६०. माइक आणि कापड धरून एकूण १,३७०.

दुसरा दिवस

सकाळी सात. आबा गंजी आणि पंचावर. शर्ट घालायला तयार नव्हते, "मी काय लग्नाक चाललंय?" आता माइक लावायचा कुठे? गंजीच्या गळ्याला चिमटा लावला तर छातीचे पांढरे केस टोपीवर घासून खस-खस येत होतं. वीस सेकंद रेकॉर्ड करून, वायर काढून, हेडफोन लावून ऐकलं म्हणून कळलं. चालू रेकॉर्डिंग ऐकायची सोय नसली तर हे वीस सेकंद चुकवायचे नाहीत. शेवटी गंजीची कड बाहेर दुमडून माइक त्या दुमडीवर बसवला, वायरीचा एक छोटा फास करून तो चिकटपट्टीने कापडावर चिकटवला. फास असला की वायर ओढली गेली तरी झटका माइकपर्यंत पोचत नाही.

पातळी हाताने ठेवली. आबा जोरात बोलतात ते वाक्य म्हणायला लावलं (कुचराई करणाऱ्याला ते जे म्हणतात ते, इथे छापता येणार नाही) आणि काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबेल इतकी खाली घेतली (शून्याच्या वर आवाज फाटतो). आवाज बारीक आला तर नंतर वाढवता येतो, फाटला तर शिवता येत नाही.

दोन्ही यंत्रं चालू करून टाळी द्यायची असते, म्हणजे नंतर चित्र आणि आवाज जुळवता येतात. मामीने दोन करवंट्या आणून दिल्या. करवंटीवर करवंटी आपटली की टाळीपेक्षा टोकदार आवाज निघतो, संगणकावर तो खिळ्यासारखा उभा दिसतो. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक चालूच ठेवला, तो फक्त जुळवण्यापुरता. करवंट्या आबांच्या जवळच वाजवायच्या. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो आणि २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे तेरा-चौदा मीटरवर उभं राहून वाजवलं तर तिथेच एक फ्रेम चुकते.

कॅमेरा एका दमात २९ मिनिटं ५९ सेकंदांच्या पुढे जात नाही. मी दर दहा मिनिटांनी थांबलो आणि शेवटी पुन्हा करवंट्या वाजवल्या. फोनचं आणि कॅमेऱ्याचं घड्याळ तंतोतंत सारखं चालत नाही, लांब रेकॉर्डिंगमध्ये ओठ आणि शब्द हळूहळू सुटत जातात. तुकडे छोटे असले की तो प्रश्न उरत नाही.

आबा दीड तास बोलले. मध्ये दोनदा इंजिनची होडी गेली, तेव्हा थांबलो. मुलाखत संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून दोन मिनिटं नुसती जागा रेकॉर्ड केली, आणि नंतर पाण्याजवळ जाऊन पाच मिनिटं नुसत्या लाटा. पोरांना ते फारच विनोदी वाटलं.

मग माझी चूक. साडेनवाला रापण ओढायला सुरुवात झाली. फोन आबांच्या कमरेलाच राहू दिला आणि घाईत माइक काढून सरळ कॅमेऱ्याला जोडला. खटका फोनच्याच बाजूला राहिला. कॅमेऱ्याला बाहेरचा माइक जोडला की आतला माइक बंद होतो, त्यामुळे उरलासुरला आवाजही गेला. मेनू उघडून पातळीच्या पट्ट्या हलतायत का, एवढं बघायला पाच सेकंद लागले असते. अकरा मिनिटं, जाळं पाण्याबाहेर येईपर्यंतची, तारल्यांची चमक, बायकांची पाट्या घेऊन धावपळ, सगळं मुकं.

जोडकाम

डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ जोडायच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती वापरली. आवाजावर फार काही करावं लागलं नाही. ९० हर्ट्झच्या खालचं कापलं, म्हणजे लाटेचा घोगरेपणा आणि उरलेली वाऱ्याची धडधड गेली. गोंगाट काढणारं काहीही लावलं नाही.

लाटांचं मात्र सांगितलं पाहिजे. मुलाखतीतून वाक्यं कापून जोडली की मागची लाटही कापली जाते: अर्धी लाट उठते आणि फुटायच्या आत गायब. डोळ्याला न दिसणारा कट कानाला लगेच कळतो. पहिल्या दिवसाच्या रेकॉर्डिंगमध्ये लाटा आबांच्या बरोबरीने होत्या, तिथे हे लपणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी आबांच्या मागे लाट इतकी बारीक होती की वर त्या पाच मिनिटांच्या लाटांचा अखंड पट्टा अंथरला आणि सगळे कट त्याच्याखाली झाकले गेले. जवळच्या माइकचा हा मोठा फायदा मला आधी कुणी सांगितला नव्हता. दर्या कमी करायचा असतो तो मग आपल्याला हवा तेवढा परत घालता यावा म्हणून.

एक गोष्ट दुसऱ्या दिवशी मिळाली नाही. पहिल्या दिवशी आबांनी त्यांच्या धाकट्या भावाचं सांगितलं होतं, होडी उलटली त्या सकाळचं. पुन्हा विचारलं तर "सांगलंय मां तुका" म्हणून उठले. ते पन्नास सेकंद मी पहिल्या दिवसाचेच ठेवले, वाऱ्यासकट, खाली शब्द देऊन. बाकी फिल्म स्वच्छ ऐकू येते म्हणून तिथला वारा माणूस सहन करतो असं मला वाटतं. माझ्या चुलतभावाला ते तांत्रिक दोष वाटतात. आम्ही अजून भांडतो.

मुक्या रापणीसाठी आठवड्याने पुन्हा गेलो. फोन हातात धरून ओढणाऱ्यांच्या रांगेच्या बाजूने, एका हातावरून चालत राहिलो आणि त्यांच्या हाकाऱ्यांचा आवाज घेतला. तो त्या मुक्या चित्राखाली ठेवला. ओढण्याच्या लयीला जुळवायला एक अख्खी रात्र गेली, पण जुळला.

डिसेंबरात आबांच्या अंगणात चादर लावून फिल्म दाखवली. रापणीचा भाग आला तेव्हा पाटी घेऊन बसणारी एक काकी मधेच बोलली, "हो हाकारो घालता तो खंयसून इलो? तो त्या दिवशी मुंबयक गेललो, झिलाकडे."

चित्रात तो कुठेच नव्हता. सगळ्या आवाजांत त्याचा एक आवाज तिने ओळखला होता. मी खरं काय ते सांगितलं, खटक्यापासून. आणि विचारलं, काढून टाकू का?

"कित्या?" ती म्हणाली. "ऱ्हवांदे थंयच. बरां वाटात त्येका."